घोड्यांच्या शर्यतींतील अंदाजपद्धतींची पडताळणी

घोड्यांच्या शर्यतींतील अंदाजपद्धतींची पडताळणी म्हणजे शर्यतीचा निकाल आधी वर्तवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या नियमांची, प्रत्यक्ष निकालांच्या नोंदींवरून केलेली संख्याशास्त्रीय तपासणी होय. एखादा नियम किती वेळा बरोबर ठरला, एवढेच या तपासणीत पाहिले जात नाही. केवळ योगायोगाने किती वेळा बरोबर ठरला असता आणि शर्यतीपूर्वीच्या भावात तीच माहिती आधीपासून सामावलेली होती काय, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे मानले जातात. महाराष्ट्रात हा विषय मुख्यतः मुंबईतील महालक्ष्मी आणि पुण्यातील लष्कर भागातील रेसकोर्सशी निगडित आहे. संभाव्यता, नमुना आणि कार्यकारणभाव या संकल्पना समजून घेण्यासाठीही तो उपयुक्त आहे.

संज्ञा

'हँडिकॅप' हा शब्द शर्यतीच्या व्यवहारात दोन अर्थांनी वापरला जातो. पहिल्या अर्थी, सर्व घोड्यांना जिंकण्याची शक्यतो सारखी संधी मिळावी म्हणून सरस घोड्यांच्या पाठीवर अधिक वजन देण्याची अधिकृत पद्धत म्हणजे हँडिकॅप. हे वजन ठरवणाऱ्या अधिकाऱ्यास हँडिकॅपर म्हणतात. दुसऱ्या अर्थी, उपलब्ध माहितीवरून कोणता घोडा जिंकेल याचा अंदाज बांधणे यालाही इंग्रजीच्या प्रभावाने हँडिकॅपिंग म्हटले जाते. प्रस्तुत लेखात पहिल्या अर्थासाठी 'वजनाचा हँडिकॅप' आणि दुसऱ्यासाठी 'अंदाजपद्धत' असे शब्द योजले आहेत.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी

मुंबईत बॉम्बे टर्फ क्लबची स्थापना १८०२ मध्ये झाली. आरंभी शर्यती भायखळा येथे होत. महालक्ष्मीचे रेसकोर्स १८८३ मध्ये उभे राहिले. पुण्याचे रेसकोर्स त्याहून जुने असून ते १८३० मध्ये लष्कराच्या जमिनीवर तयार झाले. क्लबला १९२५ मध्ये वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब हे नाव मिळाले आणि १९३५ मध्ये त्यापुढे 'रॉयल' हे विशेषण लागले. दोन्ही रेसकोर्सांवरील शर्यतींचे नियमन हाच क्लब करतो.

मुंबईचा हंगाम साधारणतः नोव्हेंबर ते एप्रिल आणि पुण्याचा जुलै ते ऑक्टोबर असा असतो. १९४३ पासून चालत आलेली इंडियन डर्बी फेब्रुवारीत महालक्ष्मीला होते. हंगामांची ही विभागणी अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पुण्याच्या शर्यती ऐन पावसाळ्यात होतात, तर मुंबईच्या कोरड्या दिवसांत. तोच घोडा, तेच अंतर आणि तोच जॉकी असला तरी दोन्ही ठिकाणच्या वेळा थेट एकमेकींशी ताडता येत नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तमिळनाडू राज्य या खटल्यात घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचा निर्णय दिला. घोड्याचे वंशमान, त्याचे प्रशिक्षण, जॉकीचे कसब आणि पूर्वीची कामगिरी यांचा अभ्यास करून अंदाज बांधता येतो, हा विचार त्या निर्णयाच्या मुळाशी होता. मात्र खेळ कौशल्याचा असणे आणि एखाद्या विशिष्ट व्यक्तीच्या पद्धतीत ते कौशल्य असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. दुसऱ्या गोष्टीचा निवाडा नोंदी तपासूनच करावा लागतो.

वजनाच्या हँडिकॅपचे कार्य

वजनाच्या हँडिकॅपला शास्त्रशुद्ध बैठक देण्याचे श्रेय इंग्लंडमधील अ‍ॅडमिरल हेन्री जॉन रूस (१७९५–१८७७) यांना दिले जाते. घोड्याचे वय, शर्यतीचे अंतर आणि वर्षातील महिना यांनुसार किती वजन द्यावे याचे कोष्टक त्यांनी तयार केले. त्याच्या सुधारित आवृत्त्या आजही अनेक देशांत वापरल्या जातात.

भारतात प्रत्येक घोड्याला त्याच्या कामगिरीनुसार गुणांकन दिले जाते आणि गुणांकनावरून त्याचा वर्ग ठरतो. गुणांकनातील एका गुणाचा फरक म्हणजे अर्धा किलोग्रॅम वजनाचा फरक. एका घोड्याचे गुणांकन ६० आणि दुसऱ्याचे ४८ असेल, तर फरक १२ गुणांचा, म्हणजे ६ किलोग्रॅमचा होतो. पहिल्याने ५९ किलोग्रॅम वाहिले तर दुसऱ्याला ५३ किलोग्रॅम मिळतील. जिंकलेल्या घोड्याचे गुणांकन वाढते आणि सतत हरणाऱ्याचे उतरते.

यातून एक प्रश्न सहज उभा राहतो. वजनाचा हँडिकॅप अचूक असेल, तर जड वजनाचे आणि हलक्या वजनाचे घोडे सारख्याच प्रमाणात जिंकायला हवेत. प्रत्यक्षात अनेक देशांतील निकालांत सर्वाधिक वजनाचे घोडे काहीसे अधिक वेळा जिंकताना आढळतात. यावरून 'वजनामुळे घोडा जिंकतो' असा निष्कर्ष काढणे अर्थातच हास्यास्पद ठरेल. घोडा सरस आहे म्हणून त्याला वजन मिळालेले असते आणि दिलेले वजन त्याचे सरसपण पूर्णपणे पुसून टाकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. दोन गोष्टी एकत्र आढळणे आणि एक दुसरीचे कारण असणे यांतील भेद दाखवणारे हे उत्तम उदाहरण आहे.

प्रचलित अंदाजपद्धती

रेसकोर्सवर प्रचलित असलेल्या पद्धतींचे स्थूलमानाने पुढील प्रकार पडतात:

• कामगिरीवर आधारित: मागील तीन-चार शर्यतींतील क्रमांक आणि पहिल्या घोड्यापासूनचे अंतर पाहणे. हे अंतर 'लेंग्थ'मध्ये, म्हणजे घोड्याच्या लांबीच्या पटीत मोजतात.
• वेळेवर आधारित: धावपट्टीच्या त्या दिवशीच्या स्थितीनुसार वेळेत दुरुस्ती करून वेगाचा आकडा काढणे. अमेरिकेतील अँड्र्यू बेयर यांच्या १९७५ च्या पुस्तकामुळे ही पद्धत लोकप्रिय झाली.
• वर्गावर आधारित: वरच्या वर्गातून खाली उतरलेल्या घोड्याला पसंती देणे.
• माणसांवर आधारित: जॉकी आणि ट्रेनर यांच्या यशाचे प्रमाण पाहणे.
• सकाळच्या सरावावर आधारित: सरावातील वेळा आणि घोड्याची चाल यांवरून अनुमान काढणे.
• बाजारावर आधारित: सर्वांत कमी भावाचा घोडा, म्हणजे फेव्हरिट, निवडणे, किंवा अचानक भाव उतरलेल्या घोड्यामागे जाणे.
• टिपवर आधारित: तबेल्यातून आल्याचे सांगितली जाणारी खबर. या प्रकाराची पडताळणी सर्वांत अवघड असते, कारण टिपची नोंद शर्यतीपूर्वी क्वचितच लिहिलेली असते.

आवश्यक विदा

पडताळणीसाठी प्रत्येक शर्यतीची तारीख, अंतर, वर्ग, धावलेल्या सर्व घोड्यांची नावे, वाहिलेले वजन, सुरुवातीच्या फाटकाचा क्रमांक, जॉकी, ट्रेनर, अंतिम क्रमांक, अंतरे, वेळ आणि भाव एवढी माहिती किमान लागते. धावपट्टीचा मऊपणा पेनेट्रोमीटर या उपकरणाने मोजतात. पुण्याच्या पावसाळी हंगामाचा अभ्यास या आकड्याशिवाय अपुरा राहतो.

नोंदी करताना हरलेल्या घोड्यांची माहिती गाळून चालत नाही. केवळ विजेत्यांची यादी पाहून 'विजेत्यांपैकी निम्मे घोडे मागील शर्यतीत पहिल्या तिघांत होते' असे म्हणता येते. पण पहिल्या तिघांत येऊनही पुढच्या शर्यतीत हरलेले किती, हे कळल्याखेरीज त्या विधानाला मोल नसते. ऐन वेळी माघार घेतलेल्या घोड्यांचीही स्वतंत्र नोंद लागते.

भाव आणि संभाव्यता

कोणत्याही पद्धतीची तुलना अखेर बाजारभावाशी करावी लागते, कारण भाव म्हणजे पैसे लावणाऱ्या सर्वांच्या अंदाजांची गोळाबेरीज असते. भावावरून संभाव्यता काढण्याची रीत सोपी आहे. ४ ला १ असा भाव म्हणजे पाचातून एक संधी, अर्थात २० टक्के.

पुढील काल्पनिक शर्यत पाहावी. पाच घोड्यांचे भाव अनुक्रमे ६ ला ४, २ ला १, ४ ला १, ९ ला १ आणि ९ ला १ असे आहेत. त्यांच्या संभाव्यता ४०, ३३.३, २०, १० आणि १० टक्के येतात. त्यांची बेरीज १०० न होता ११३.३ होते. वरचे १३.३ हा बुकीचा वाव होय. प्रत्येक आकड्याला ११३.३ ने भागून १०० ने गुणल्यास ३५.३, २९.४, १७.६, ८.८ आणि ८.८ टक्के मिळतात. बाजाराचा खरा अंदाज हाच मानावा.

टोटमध्ये हा वाव कपातीच्या रूपाने असतो. या पद्धतीत सर्वांचे पैसे एका निधीत जमा होतात आणि ठरलेली कपात करून उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटली जाते. तिचा उगम एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये झाला. तिचे गणित आपोआप करणारे जॉर्ज ज्युलियस यांचे यंत्र १९१३ मध्ये न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे प्रथम बसवले गेले. समजा निधी १,००,००० रुपयांचा आहे, कपात २० टक्के आहे आणि जिंकलेल्या घोड्यावर ४०,००० रुपये लागले होते. वाटपासाठी ८०,००० रुपये उरतात, म्हणजे १० रुपयांना २० रुपये मिळतात. लोकांच्या मते या घोड्याची संधी ४० टक्के होती. पण नफा-तोटा शून्यावर येण्यासाठी ती प्रत्यक्षात ५० टक्के असावी लागते. पद्धत लोकांपेक्षा थोडी सरस असून भागत नाही. तिने कपातीची दरीही ओलांडावी लागते.

भारतात या दरीत कराची भर पडते. १ ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या पूर्ण दर्शनी मूल्यावर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर ४० टक्के करण्यात आला.

पडताळणीची रीत

१. नियम आधी लिहून काढणे. 'चांगल्या फॉर्मातला घोडा' हा नियम नव्हे. 'मागील ६० दिवसांत त्याच अंतरावर पहिल्या तिघांत आलेला घोडा. असे अनेक असल्यास सर्वाधिक गुणांकनाचा' हा नियम होय. दोन वेगवेगळ्या माणसांनी तो लावल्यास एकच घोडा निघाला पाहिजे.

२. विदा काळानुसार विभागणे. जुन्या हंगामांवरून नियम ठरवावा आणि नंतरच्या, न पाहिलेल्या हंगामावर तो तपासावा. चिठ्ठ्या टाकून शर्यतींचे दोन गट करणे येथे योग्य ठरत नाही, कारण मग नंतरची माहिती आधीच्या शर्यतीच्या अंदाजात शिरते.

३. तुलनेची रेघ ठरवणे. निदान दोन रेघा असाव्यात: चिठ्ठी टाकून निवडलेला घोडा आणि फेव्हरिट. अमेरिका व ब्रिटन येथील दीर्घकालीन नोंदींत फेव्हरिट सुमारे एकतृतीयांश शर्यती जिंकतो. त्यामुळे 'माझी पद्धत शंभरात तीस वेळा बरोबर येते' या दाव्यात मुळात काही विशेष नसते.

४. यशाच्या प्रमाणाबरोबर परतावाही मोजणे. १०० शर्यतींत प्रत्येकी १०० रुपये लावले, ३३ वेळा यश आले आणि प्रत्येक वेळी सरासरी २४० रुपये परत मिळाले, तर १०,००० रुपयांचे ७,९२० रुपये होतात. तिसऱ्या हिश्श्याने बरोबर ठरणारी ही पद्धत २० टक्क्यांहून अधिक तोट्याची आहे.

५. अंदाजांचे मोजमाप करणे. पद्धतीने ज्या ज्या घोड्यांना २० टक्के संधी दिली, त्यांचा एकत्र गट केल्यास त्यांतील सुमारे २० टक्के घोडे जिंकले पाहिजेत. या जुळणीसाठी हवामान अंदाजांच्या क्षेत्रातून आलेला ब्रायर गुणांक (१९५०) वापरता येतो. वर्तवलेली संभाव्यता आणि प्रत्यक्ष निकाल (जिंकल्यास १, हरल्यास ०) यांतील फरकांच्या वर्गांची सरासरी म्हणजे हा गुणांक. तो जितका लहान, तितका अंदाज चांगला.

६. नमुन्याचा आकार तपासणे. यशाचे प्रमाण ३० टक्के असलेली पद्धत १०० शर्यतींवर तपासली, तर प्रमाण त्रुटी सुमारे ४.६ टक्के येते. म्हणजे खरे प्रमाण साधारण २१ ते ३९ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. १,००० शर्यतींत ही मर्यादा सुमारे २७ ते ३३ टक्क्यांपर्यंत आकुंचन पावते. एका हंगामातील पाच-पंचवीस शर्यतींवरून काढलेल्या निष्कर्षाला म्हणूनच आधार नसतो.

नेहमीच्या चुका

अनेक नियम तपासून एक निवडणे. काहीही तथ्य नसलेले २० नियम प्रत्येकी ५ टक्के चुकीच्या मर्यादेवर तपासले, तर त्यांपैकी निदान एक तरी 'यशस्वी' भासण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. किती नियम तपासून हा नियम हाती आला, हे सांगितल्याविना निकालाचा अर्थ लागत नाही.

नंतरची माहिती आधी वापरणे. टोटचा अंतिम भाव खिडकी बंद झाल्यावरच कळतो आणि सुधारित गुणांकन शर्यतीनंतर येते. ते आधी ठाऊक होते असे धरून केलेली तपासणी कागदावर नेहमी फायद्याची दिसते.

कारण आणि निवड यांची गल्लत. नामवंत जॉकीला चांगले घोडे मिळतात. त्याच्या विजयांतील किती वाटा त्याचा आणि किती घोड्याचा, हे कळण्यासाठी सारख्या भावाच्या घोड्यांवरील जॉकींची तुलना करावी लागते.

यशस्वी टिपची निवडक आठवण. एखाद्याने ६२५ लोकांचे पाच गट करून पाच घोड्यांच्या शर्यतीत प्रत्येक गटाला वेगळा घोडा सांगितला, तर १२५ जणांना टिप खरी वाटेल. त्यांचेच पुन्हा पाच गट केल्यास २५, मग ५ आणि चौथ्या शर्यतीनंतर एक जण उरेल. त्या एकाला लागोपाठ चार टिपा खऱ्या ठरल्याचा अनुभव येईल, जरी सांगणाऱ्याला काहीही ठाऊक नसले तरी. बाकीचे ६२४ जण त्याला भेटत नाहीत.

प्रमुख अभ्यास

आर. एम. ग्रिफिथ यांनी १९४९ मध्ये अमेरिकेतील शर्यतींच्या भावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लोक लांब भावाच्या, म्हणजे जिंकण्याची शक्यता अल्प असलेल्या, घोड्यांवर प्रमाणाबाहेर पैसे लावतात आणि फेव्हरिटला मानाने कमी लेखतात, असे त्यांना आढळले. मुख्तार अली यांनी १९७७ मध्ये २०,००० हून अधिक शर्यतींच्या आधारे याला दुजोरा दिला. तरीही केवळ फेव्हरिटवर पैसे लावून नफा होतो असे यातून सिद्ध होत नाही. तोटा तुलनेने कमी होतो, इतकेच.

रूथ बोल्टन आणि रँडल चॅपमन यांनी १९८६ मध्ये अनेक घटकांचा एकाच वेळी विचार करून प्रत्येक घोड्याची संभाव्यता काढणारे प्रतिमान मांडले. चॅपमन यांनी १९९४ मध्ये हाँगकाँगच्या २,००० शर्यतींवर त्याचा पुढील अभ्यास केला. त्याच वर्षी विल्यम बेंटर यांनी हाँगकाँगमधील आपल्या संगणकीय पद्धतीचे विवेचन प्रसिद्ध केले. त्यातील सर्वांत बोधप्रद भाग असा की, प्रतिमानाचा अंदाज एकट्याने न वापरता लोकांच्या भावाशी त्याची सांगड घातल्यावरच तो उपयोगी ठरला. लोकांना जे ठाऊक होते ते प्रतिमानाला पूर्णपणे ठाऊक नव्हते.

हाँगकाँगची परिस्थिती विशेष अनुकूल होती. तेथे हॅपी व्हॅली आणि शा टिन अशी दोनच रेसकोर्स आहेत, तेच घोडे पुन्हा पुन्हा एकमेकांविरुद्ध धावतात आणि टोटचा निधी प्रचंड असतो. भारतात घोडे निरनिराळ्या शहरांच्या हंगामांत फिरतात, त्यामुळे एका रेसकोर्सवरील प्रत्येक घोड्याच्या नोंदी तुटक राहतात. परदेशात यशस्वी ठरलेला नियम येथे जसाच्या तसा लावता येत नाही.

एखादी पद्धत खरोखर उपयुक्त असली तरी ती सर्वांना कळल्यावर तिचा लाभ ओसरतो. बेयर यांचे वेगाचे आकडे १९९२ पासून 'डेली रेसिंग फॉर्म' या दैनिकात सर्वांसाठी छापले जाऊ लागले. जी माहिती सर्वांच्या हाती असते ती भावात उतरते.

बैलगाडा शर्यतींशी तुलना

राजगुरुनगर (पूर्वीचे खेड) आणि त्याभोवतीच्या आंबेगाव, जुन्नर, मावळ व शिरूर या तालुक्यांत बैलगाडा शर्यतींची परंपरा आहे. खेड तालुक्यातील निमगाव येथील खंडोबाचा घाट त्यासाठी प्रसिद्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी या शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

संख्याशास्त्राच्या दृष्टीने या शर्यतींची रचना घोड्यांच्या शर्यतींहून वेगळी आहे. या भागात प्रत्येक गाडा घाटात एकटा धावतो आणि त्याची बारी सेकंदांत मोजली जाते. सर्वांत कमी वेळ घेणारा 'घाटाचा राजा' ठरतो. येथे वजनाचा हँडिकॅप नाही, फाटकाच्या क्रमांकाचा प्रश्न नाही आणि दुसऱ्या स्पर्धकाचा अडथळाही नाही. त्यामुळे एकाच घाटातील एकाच दिवसाच्या वेळा थेट ताडता येतात. निरनिराळ्या घाटांची लांबी व चढ सारखा नसल्याने दोन गावांच्या वेळा मात्र तशा ताडता येत नाहीत. त्यासाठी दोन्ही ठिकाणी धावलेल्या गाड्यांच्या वेळांवरून घाटाघाटांतील फरक आधी काढावा लागतो. बेयर यांनी धावपट्टीसाठी केलेली दुरुस्ती तत्त्वतः हीच आहे.

वेळ मोजण्याचे साधनही लक्षात घ्यावे लागते. हाताने दाबायच्या घड्याळात माणसाच्या प्रतिक्रियेमुळे सेकंदाच्या दहाव्या भागाइतकी तफावत सहज पडते. दोन बाऱ्यांतील फरक त्याहून लहान असेल, तर क्रमांक गाड्याने ठरवला की घड्याळाने, हे सांगता येत नाही. विद्युत संवेदकांवर चालणाऱ्या घड्याळांमुळे ही अडचण कमी होते.

मर्यादा आणि महत्त्व

घोडा हा सजीव प्राणी आहे. त्याचे आजारपण, मनःस्थिती किंवा पावलाला झालेली बारीकशी इजा कोणत्याही कोष्टकात येत नाही. जॉकीला मिळालेल्या सूचनाही नोंदीत दिसत नाहीत. म्हणून उत्तम प्रतिमानदेखील संभाव्यता सांगते, निकाल सांगत नाही.

या पडताळणीचे सर्वांत ठोस फलित बहुधा नकारात्मक असते: बहुसंख्य पद्धती कपात आणि कर वजा जाता तोट्यातच राहतात. रेसच्या नादापायी संसार उघड्यावर आल्याची उदाहरणे समाजात आहेत आणि त्यामागे अनेकदा एखाद्या 'हमखास' पद्धतीवरील विश्वास असतो. अशा पद्धतीच्या पुरस्कर्त्याला तीन प्रश्न विचारता येतात: नियम आधी लिहिला होता काय, तो किती शर्यतींवर तपासला, आणि हरलेल्या पैजा हिशेबात धरल्या आहेत काय? औषधांच्या चाचण्या, शेअर बाजारातील सल्ले आणि परीक्षांच्या निकालांवरून केलेले शिकवण्यांचे दावे तपासतानाही हेच प्रश्न लागू पडतात.

हेही पाहा

• महालक्ष्मी रेसकोर्स
• बैलगाडा शर्यत
• संभाव्यता
• संख्याशास्त्र
• राजगुरुनगर